नकाशावरचा हिरवा ठिपका

माझा भाचा जयंत दिल्लीहून झाशीला आला तो एक नकाशा घेऊन. अन्नसुरक्षेची आदर्श नियमावली कुठल्या शहराने स्वीकारली आणि कुठल्याने नाही, यावर नजर ठेवणं ही त्याच्या संस्थेची समाजसेवा. न स्वीकारणारं शहर राखाडी, कागदावर स्वीकारणारं पिवळं आणि एक जरी कारवाई केली तरी हिरवं. झाशी पिवळी होती. त्यामुळे साहेबांची झोप उडाली होती. स्टेशनबाहेर उघड्या गटारावर फळी टाकून समोसे विकतात, त्यामुळे मात्र नाही.

रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून मी सिविल लाइन्समधल्या अलकनंदाच्या खानावळीत जेवतो. नवरा गेल्यावर तिने घरातच ही खानावळ काढली. लेकीचं, उर्वीचं कॉलेज त्याच शेगडीवर चाललंय. स्वच्छता अशी, की माझ्या बायकोला जमली नाही. आता ऐकायला ती नाही म्हणून बोलतो. आणि आमच्या भागात स्वतःहून परवाना काढणारी ही एकटीच शहाणी.

जयंतने इथल्या अन्नसुरक्षा कार्यालयात जाऊन कारवाई मागितली. समोसेवाल्यांवर करता येईना, कारण त्यांची नोंदच नाही. सरकारदरबारी ते जन्मालाच आलेले नाहीत. नोंद होती ती अलकनंदाची. झालं! दुपारी मुकेशजी नावाचे निरीक्षक दारात हजर, मागे फोटो काढायला आमचं रत्न.

आम्ही पानांवर बसून वाट बघत होतो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अलकनंदा कुणाला वाढत नाही. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे वरणभात, वर तूप आणि तुळशीचं पान अशी वाटी तिने नुकती ठेवली होती. शेजारी समई.

"ये खाना खुला क्यों रखा है?" मुकेशजींनी विचारलं.

"भैया, वो तो भगवान का भोग है."

"भगवान का हो या किसी का, किचन में है ना? खुला खाना. और ये दिया, खुली आग."

शेजारी गॅसच्या दोन शेगड्या धडधडून पेटल्या होत्या. त्यांच्याकडे पाठ करून हा गृहस्थ समईला खुली आग म्हणत होता.

"जयंता," मी म्हणालो, "तुझ्या आईने नैवेद्यावर कधी झाकण ठेवलं होतं का रे?"

"मामा, नियमात अपवाद नसतो," म्हणत त्याने वाटीचा फोटो काढला. मला माझ्याच भाच्याची किळस आली.

पुढच्या आदेशापर्यंत खानावळ बंद. आम्ही उपाशी उठलो. अलकनंदा मात्र पाटावर तशीच बसून राहिली. "सुभाषकाका, उर्वीला काय सांगू?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी झाशी हिरवी झाली. जयंतने मोबाइलवर ठिपका दाखवला, पेढे वाटले आणि खानावळ बंद म्हणून स्टेशनबाहेर जाऊन समोसे हाणले. दुसरा दिवस त्याने माझ्या संडासात काढला. तिसऱ्या दिवशी पोट धरून म्हणाला, "मामा, मऊ भात मिळेल का कुठे?"

मी त्याला अलकनंदाच्या मागच्या दाराशी नेलं. आत पंगत बसलेली होती, नेहमीसारखीच. समोरची पाटी तेवढी नव्हती.

"हे सुरू कसं?" जयंत चकित झाला.

"परवाना परत करून आले, भैया. आता माझी नोंद नाही. नोंद नाही, तर कारवाई कशी कराल?" अलकनंदा शांतपणे म्हणाली. "समोसेवाल्यांनीच शिकवलं मला."

तिने देवापुढची वाटी नेहमीसारखी उघडी ठेवली, हात जोडले, मग वाढायला घेतलं. जयंतच्या ताटावर तेवढं झाकण घातलं. त्याने झाकण बाजूला केलं, ताटातला भात संपवला आणि पुन्हा मागून घेतला.

आमच्या भागात आता परवान्याची एकही खानावळ नाही. नकाशात झाशी अजून हिरवीच आहे.