ओल्या भिंती

फेस्टीने आयुष्यात रंगकाम म्हणून एकच गोष्ट केली होती, शिडी धरण्याची. वर त्याची बायको डेलिया ब्रश चालवायची आणि हा खालून "तिकडे राहिलं बघ" म्हणायचा. एवढ्या बळावर तो स्वयंपाकघर रंगवायला निघाला होता.

पण निघणं भाग होतं. आयर्लंडच्या त्या पश्चिम टोकाला वस्तीतली घरं पाळीपाळीने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आपल्या घरी ठेवतात. फादर येतात, जेवणाच्या टेबलाची वेदी होते, शेजारपाजार जमतो आणि मग चहा नि हॅम. ज्याची पाळी त्याने घर रंगवायचं, हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. यंदा पाळी फेस्टीची होती, आणि डेलियाला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"या खेपेला आमच्याकडे ठेवू रे," शेजारची विनी म्हणाली होती. "तू पुढच्या वेळी घे."

"डेलियाची पाळी आहे ती. चुकवायची नाही," तो म्हणाला.

बोलून तर बसला, पण आतून टरकला होता. मिस्सेत घरच्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. तिचं नाव ऐकताच आपण सगळ्यांदेखत कोसळणार, याची त्याला खात्री होती. निदान भिंती तरी तिला शोभतील अशा हव्यात, एवढंच त्याने धरून ठेवलं.

डेलिया रंगाआधी आठवडाभर नुसत्या भिंती धूत बसायची. "रंग म्हणजे तासाभराचं काम, तू आठवडा घालवतेस," असं तो दर खेपेला म्हणायचा. आता त्याने धुणंबिणं काही केलं नाही. साईच्या रंगाचा चकचकीत ऑइलपेंट आणला आणि थेट हात मारला. चुलीमागच्या भिंतीवर मागच्या पाळीपासून तळलेल्या बेकनची चरबी बसलेली. तिथे रंग धरेचना, थेंब थेंब होऊन गोळा झाला. त्याने चिडून वर जाड थर दिला, तर त्याचे ओघळ पार फरशीपर्यंत आले.

मग मात्र स्वारी मुकाट्याने सगळं खरवडायला बसली. सोड्याच्या पाण्याने चरबी धुतली, भेगांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने कोपरे घासले. बोटांची सालं निघाली. बादलीतलं पाणी काळं व्हायचं, तो बदलायचा, पुन्हा काळं व्हायचं. इतकी वर्षं ही काजळी तिने एकटीने काढली आणि आपण खालून चुका दाखवल्या, हे त्याला त्या बादलीशेजारी बसून कळलं. "डेलिया, बाई, उपकार झाले गं तुझे," तो मोठ्याने म्हणाला.

शेवटचा हात मारून झाला तो मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना. सकाळी विनी सँडविचचं ताट घेऊन आली आणि तिने भिंतीला बोट लावलं.

"फेस्टस गॉन, ही ओली आहे," ती त्याला पूर्ण नावाने हाक मारून म्हणाली.

"वाळेल की."

"कधी? नाताळला?" तिने बोट त्याच्याच बाहीला पुसलं. मग चुलीमागे वाकून बघत राहिली. "कोपरेसुद्धा घासलेस होय रे? अगदी तिच्यासारखे."

लोक यायला लागले तशी ती दारात जाऊन उभी राहिली. "कोट सांभाळा! भिंतीला शिवाल तर माझ्याशी गाठ आहे!"

तिकडे मिस्सेला बाप्ये मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात. आज टेकायला भिंतच नव्हती. सगळी वस्ती स्वयंपाकघराच्या मधोमध, रचलेल्या पोत्यांसारखी एकमेकांना चिकटून उभी राहिली. फादर लाव्हेल जरा मागे सरले तर त्यांच्या पांढऱ्या झग्याची बाहीच रंगली.

"अहो फादर, बाही!" फेस्टी ओरडला.

"असू द्या हो. या घराने मला रिकाम्या हाताने सोडलं नाही म्हणायचं," फादर म्हणाले आणि सगळे हसले.

मग नावं सुरू झाली. डेलिया गॉन.

फेस्टीचा तोल गेला. पण पडायला जागाच नव्हती. एका बाजूने विनीचा खांदा, दुसऱ्या बाजूने वस्तीतल्या थोरल्या मायलोचं कोपर, पाठीशी आणखी कुणी. तो उभ्याउभ्या ढसाढसा रडला आणि सगळ्यांनी त्याला मधोमध धरून ठेवलं. त्या ओल्या भिंतींचे त्याने मनापासून आभार मानले. त्या वाळल्या असत्या तर जो तो आपापल्या भिंतीला असता, आणि हा मध्ये एकटा.

चहाच्या वेळी विनी म्हणाली, "पुढची पाळी आमची. माझ्या स्वयंपाकघराच्या नुसत्या विचारानेच धडकी भरते."

"भिंती धुवायला मी येतो," फेस्टी म्हणाला. "आठवडाभर आधीच येतो."

"आणि रंग?"

"रंग काय," फेस्टी आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत म्हणाला, "तासाभराचं काम."