पडद्यामागची पंगत

बसप्पानं तिसरी घागर ओतली तेव्हा कुठं पडदा नीट भिजला. कापड ओलं असलं की चित्र पलीकडूनही दिसतं. नळदुर्गात पुरुष पडद्यापुढं आणि बायका पडद्यामागं बसणार होत्या. मागून डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसतं. पण ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांना त्याचं काय सोयरसुतक!

निजामाचं राज्य जाऊन आठ महिने झाले होते. जुन्या कचेरीच्या कोठीत फिल्मचे गंजके डबे सापडले. ते हैदराबादला धाडण्याआधी गावाला दाखवावेत, असं नव्या साहेबाच्या मनात आलं. दिवेलागणीला यंत्र खडखडू लागलं. टोळधाड कशी हाकलावी, घोड्याला नाल कसा ठोकावा. एका चित्रात तर एक मुनशी नुसते हातच धूत होता. लोक हसून बेजार झाले.

मग फौजेचं चित्र लागलं. तंबू, कवायत, जेवणाची पंगत. पत्र्याच्या ताटापुढं मांडी घालून बसलेला तिसरा शिपाई म्हणजे शिवशरण, बसप्पाचा एकुलता लेक.

शिवशरण डावखुरा होता. लिंगायताच्या घरात डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आणि त्याच हाताला उष्टं लावायचं? बसप्पानं आधी समजावलं, मग दटावलं आणि एकदा लग्नाच्या पंगतीत, चारचौघांदेखत, त्या हातावर काठी हाणली. पोरगं भरल्या ताटावरून उठलं ते थेट सोलापूरला जाऊन फौजेत भरती झालं. दोन वर्षांनी ब्रह्मदेशातून तो लढाईत पडल्याची तार आली. पोरगं रागातच गेलं, ही टोचणी बसप्पाच्या काळजातून कधी निघाली नाही.

पडद्यावर शिवशरणनं डावा हात मांडीवर नीट ठेवला. उजव्या हातानं, हळूहळू, तो घास घेऊ लागला.

तिथं कोण बघणार होतं त्याला? तरी बापाचा शब्द पाळत होता. बसप्पानं धोतराचा सोगा तोंडात कोंबला.

चित्र संपलं. त्याची बायको महादेवी पडद्याला वळसा घालून धावतच आली.

"अवो, बघितलं का? आपला शिवशरण!"

"बघितलं."

"डाव्याच हातानं जेवत हुतं लेकरू! कुनी मारायला न्हाय, बोलायला न्हाय. लई बरं वाटलं बगा जीवाला."

पाच वर्षांत ती पहिल्यांदा हसत होती. पोरानं माझं ऐकलं गं, हे बसप्पाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"व्हय," तो म्हणाला. "डाव्याच हातानं."

घरी आल्यावर महादेवीनं ताट वाढलं.

"जेवा की."

बसप्पा ताटाकडं बघत राहिला. त्याचा उजवा हात काही केल्या उचलेना.