दोन्हीकडे एकच टेप

आमच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे. तिच्यातून आभाळ दिसत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. कुणाची पँट लोंबतेय, कुणाची किनार उसवलीय, हे मला शिवणयंत्रावर बसल्या बसल्या कळतं. त्यातलं एखादं गिऱ्हाईक पायऱ्या उतरून आतही येतं. शिवणकामाला जागा झकास, पण लिंबाच्या झाडाला अंधारकोठडी.

झाड माझ्या नवऱ्याच्या हातचं. सरबत करता करता त्याने एक बी कुंडीत खोचली, "याचीच लिंबं पिळू आपण" म्हणाला, आणि झाडाला लिंबं धरायच्या आत स्वतःच गेला. तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, गच्ची होती. त्याच्यामागे ते भाडं कुठलं झेपायला? मी, सासूबाई आणि कुंडी अशा तिघी या तळघरात उतरलो. आणि झाड पानं गाळायला लागलं.

सासूबाईंनी एके दिवशी सांगून टाकलं, "धाकट्याकडे गॅलरी आहे. झाड तिकडे नेते. आणि ऐकून ठेव, जिथे झाड तिथे मी."

त्या बोलल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमचं रोज वाजतं, अगदी चहात साखर किती यावरून. पण त्या गेल्यावर मी भांडायचं कुणाशी, शिवणयंत्राशी? त्या मला जायला नको होत्या. नको म्हणजे नको!

"थोडे दिवस द्या, आई," मी म्हटलं. "इथेच जगवून दाखवते."

झाडांसाठीचा दिवा आणला. रोपवाटिकेवाला म्हणाला, "नुसता लावून भागत नाही, ताई. पानावर उजेड किती पडतो ते मोजावं लागतं." मोजायचं खरं यंत्र माझ्या शिवणयंत्राहून महाग. माझा चेहरा बघून त्यानेच मोबाईलवर एक ॲप उतरवून दिलं. "हा आकडा काही तंतोतंत नसतो, पण अंदाज येतो. लिंबाला निदान सात हजार तरी दिसू दे."

घरी येऊन मोजलं, तर आठशे! दिवा खाली घेतला, हजारही होईना. आणखी खाली घेतला. मी पण हट्टाला पेटले, दिवा पार शेंड्याला टेकायचा बाकी ठेवला. दोन दिवसांत शेंड्याची पानं करपून तपकिरी झाली.

"जाळलंस गं माझ्या लेकाचं झाड!" सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची बॅग काढून दाराशी ठेवली आणि धाकट्याला रविवारी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एका बाईच्या कमरेचं माप घेत होते, तेवढ्यात माझी नजर माझ्याच अंगठ्यावर गेली. उभा जन्म मी टेपचं टोक या अंगठ्याखाली दाबून धरत आलेय. मोबाईलही तसाच धरला होता, वरच्या कडेला, घट्ट! आणि उजेड ओळखणारा त्याचा तो टिकलीएवढा डोळा नेमका तिथेच असतो. डोळ्यावर अंगठा ठेवून मी विचारत होते, बाबा रे, उजेड किती?

"आलेच हं," म्हणून त्या बाईला तशीच उभी ठेवून मी झाडाकडे धावले. "अहो, माझं माप!" ती मागून ओरडत होती.

मग मात्र कपडा बेतावा तसं काम केलं. मोबाईल पुठ्ठ्यावर आडवा, डोळा दिव्याकडे, हात लांब. डोळ्यावर पांढऱ्या मलमलीची चिंधी, म्हणजे तिरका येणारा उजेडही धरला जातो. दर वेळी तीच चिंधी. माप टेबलावर घ्यायचं नाही, पानाच्या उंचीवर घ्यायचं. माप अंगावरचंच खरं, हे मी गिऱ्हाइकांना सांगते आणि झाडाच्या वेळी विसरले होते! दिवा दोन वीत वर नेला. मध्ये उजेड भरपूर, कडेच्या पानांवर निम्मासुद्धा नाही. तेव्हा उरलेलं पांढरं अस्तर कुंडीच्या तिन्ही बाजूंना टाचलं. कडा उजळल्या. आता कुठेही ठेवा, आठ हजारांच्या खाली आकडा येईना.

पण करपलेली पानं काही हिरवी होत नाहीत, आणि नव्या पालवीचा पत्ता नव्हता. रविवारी सकाळी दीर हजर झाले.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले. माणूस वाईट नाही, आईवर जीव आहे. "पण गॅलरी ती गॅलरी. दिव्याची कसली बरोबरी?"

"मोजून येते तुमची गॅलरी," मी म्हटलं. "जास्त निघालं तर कुंडी मी माझ्या हाताने उचलून देईन."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द तो शब्द. सासूबाई खाटेवरून एवढंच म्हणाल्या, "जा. जे असेल ते खरं सांग."

दिरांची गॅलरी डोळ्यांना लख्ख. पण तिला तपकिरी काचा, आणि समोर तेवढीच उंच इमारत. मी पुठ्ठा मांडून बसले. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, उन्हं कलल्यावर मोजलं. जाऊबाई जेवायला बोलावून थकल्या. उठले नाही. एकदा मोजून निघाले असते तर दीर म्हणाले असते, वेळच चुकली. भर दुपारी सगळ्यात जास्त दिसलं, ते अडीच हजार.

दिरांनी तेव्हाच स्वतःचा मोबाईल काढून त्याच चिंधीखाली ठेवला होता. पाच हजार! "बघा, दुप्पट! तुमचाच मोबाईल खोटा."

"असेल खोटा. कुणाचा खरा ते देव जाणे. म्हणून तर दोन्हीकडे एकच टेप लावायची. आता तुमचा मोबाईल माझ्या घरी लावा."

ऐटीत म्हटलं खरं, पण वाटभर एकच विचार. त्यांच्या मोबाईलने दगा दिला तर? तर कुंडी उचलायची. खोटं माप मी आजवर कुणाला दिलं नव्हतं, सासूबाईंना कुठून देणार?

संध्याकाळी आम्ही तळघरात उतरलो. सासूबाई सकाळी होत्या तिथेच, बॅग दाराशी तशीच. दिरांनी मोबाईल कडेच्या पानापाशी ठेवला, मुद्दाम कडेच्या, वर चिंधी घातली आणि वाकून पाहिलं. मग डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"सोळा हजार," ते हळूच म्हणाले. "आई, इथे तिप्पट आहे."

सासूबाईंनी नुसती मान हलवली. "मग ती बॅग टाक माळ्यावर. येता-जाता पायात येते."

दिरांनी अंदाजाने जोर लावून बॅग उचलली आणि मागच्या मागे धडपडलेच. बॅग हलकी फूल. त्यांनी चेन उघडली.

"आई, ही तर रिकामी आहे!"

"असणारच," सासूबाई म्हणाल्या. "मला ठेवून घ्यायला तुझी वहिनी सकाळपासून मापायला गेली होती ना? मग भरायची कशाला?"

मला रडू फुटलं, आणि रागही असा आला! मी तिकडे दिवसभर उपाशी बसले होते.