चौदाव्या मजल्यावरून खाली

विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते या नणंद-भावजयीत होतं. दोघी एकाच बावीस मजली इमारतीत राहायच्या, नणंद चौदाव्या मजल्यावर आणि भावजय, म्हणजे या घरची सून, तिसऱ्यावर. नणंद सोसायटीची अध्यक्ष. सून इंजिनीअर, आणि तिचं काम काय, तर उंच इमारतींना बाहेरून जी पॅनेलं लावतात ती तपासायची. इमारतीचं प्लास्टर पडायला लागलं, वरून पॅनेलं बसवायचं ठरलं, तेव्हा घरातच जाणकार माणूस असताना विचारायला काय हरकत होती? पण नणंदेनं पाण्याची टाकी धुणाऱ्यालासुद्धा विचारलं, भावजयीला नाही.

आणि वर सासूबाई. नऊ वर्षांपूर्वी त्या तिसऱ्या मजल्यावरून "या घराचा उंबरठा मी पुन्हा ओलांडणार नाही" असं सांगून लेकीकडे गेल्या त्या गेल्याच. भांडण कशावरून झालं ते आता कुणालाच धड सांगता आलं नसतं, राग मात्र ताजा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे पार गेले. तेव्हापासून खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून खाली कोण आलं, कोण गेलं ते बघत त्या दिवस काढायच्या. चौदाव्यावरच्या घरावर पहिलं नाव त्यांचं, म्हणून सोसायटीत मतही त्यांचंच होतं.

पॅनेल निवडायच्या सभेत तीन तास रंगावर गेले. मोतिया की बदामी, चकचकीत की मंद. पॅनेलच्या पोटात काय आहे, हे कुणी विचारलंही नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. शेवटी मोतिया ठरत आला, तेव्हा पॅनेलवाल्यानं नमुना टेबलावर आडवा ठेवला, खिशातून लायटर काढला आणि पत्र्यावर ज्योत धरली.

"बघा, डागसुद्धा पडत नाही," तो म्हणाला. लोकांनी हात लावून पाहिला आणि माना डोलावल्या.

"पत्रा जळत नाही हे आमच्या तव्यालाही माहीत आहे," मागच्या रांगेतून सून म्हणाली. "मधला भराव दाखवा."

नमुन्याच्या चारही कडा आत दुमडलेल्या होत्या. अशी चारही बाजूंनी कड दुमडलेला नमुना दिसला की त्याच्या पोटात काहीतरी लपवलेलं आहे, हे तिला अठरा वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. ती उठली, पिशवीतून लहान करवत काढली आणि पॅनेलवाला "मॅडम, नमुना कंपनीचा आहे हो" म्हणेपर्यंत कोपरा कापून मोकळी झाली. दोन पातळ पत्रे आणि मध्ये काळा चिवट थर निघाला.

"प्लास्टिक आहे. कचऱ्याच्या बादलीचं असतं तसलं," ती म्हणाली. "याच जातीत दगडाच्या भुकटीचा भराव असलेलं पॅनेल मिळतं. ते पेट घेत नाही. फक्त राखाडी रंगात येतं आणि जड असतं, एवढंच."

"तुझ्या घरात प्लास्टिक नाही वाटतं?" नणंदेनं विचारलं.

"आहे ना, ताई. पण ते मी बाहेरून बावीस मजले चिकटवत नाही."

"सरळ सांग ना, मोतिया रंग आईला आवडला म्हणून तुला नको आहे." नणंद लोकांकडे वळली. "आमच्याकडे नऊ वर्षं हेच चाललंय."

लोक हसले. सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती बसली नाही. दोन्ही पॅनेलं भिंतीवर असतात तशी उभी लावा, ती म्हणाली. मागे चार बोटं फट ठेवा, कापलेली कड खाली करा आणि खालून आग लावा. मग ज्याला जे हवं त्याला मत द्या. यावर मात्र कुणी हसलं नाही, आणि नणंदेला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. चाचणी मंगळवारी, सकाळी बरोबर दहा वाजता, मागच्या मोकळ्या आवारात. मतदान तिथंच. खाली नणंदेची लांबलचक सही. मंगळवार का, ते सुनेच्या लगेच लक्षात आलं. त्या दिवशी दोन्ही लिफ्ट दुरुस्तीसाठी नऊ ते पाच बंद असणार होत्या. वरच्या मजल्यांवरची माणसं, ज्यांना आगीची खरी भीती, ती जिने उतरून येणारच नव्हती. खालच्यांना रंगाशी मतलब. सुनेनं नोटिशीचा फोटो काढून ठेवला.

"सोड ना आता," नवरा घरी म्हणाला. "तुला आईचं एवढं कधीपासून पडलंय?"

"मला तुझ्या आईचं काडीचंही पडलेलं नाही," ती म्हणाली. "पण त्या बाईला एक पायरी उतरता येत नाही आणि त्या खिडकीच्या बाहेर ही लोकं सरपण रचणार आहेत. मला माहीत असून मी गप्प बसले, हे मला मरेपर्यंत वागवावं लागेल. त्यापेक्षा तुझ्या बहिणीचं वैर परवडलं."



मंगळवारी वेगळाच घोळ झाला. सासूबाई हटून बसल्या. "सुनेची चारचौघांत फजिती होणार आणि मी वरून टकमक बघत बसू? मला खाली न्या." अशा कार्यक्रमांना कुठं वेळेवर सुरुवात होते, साडेदहा वाजतीलच, असा हिशोब करून त्या दहाला पाच कमी असताना निघाल्या. साध्या लाकडी खुर्चीत त्यांना बसवलं, ओढणीनं कमरेला बांधलं आणि मुलगा, पहारेकरी आणि दोन शेजारी अशा चौघांनी खुर्ची उचलली.

खाली आवारात लोखंडी चौकटींवर दोन पॅनेलं उभी होती, एक मोतिया आणि एक राखाडी. अग्निशमन दलातला एक वयस्क जवान पाण्याचा पाइप आणि हातात घड्याळ घेऊन उभा होता. तीसेक माणसं जमली होती, बहुतेक सहाव्या मजल्याखालची.

दहाला नणंदेचा फोन वाजला. "थांब जरा," ती सुनेला म्हणाली. "आई निघाली आहे."

"नोटिशीवर बरोबर दहा लिहिलंय, ताई. सही तुमचीच आहे."

"म्हाताऱ्या बाईसाठी थांबायला तुझं काय जातं गं? किती तो खुनशीपणा."

"लावा," सून जवानाला म्हणाली.

खुनशीपणा होताच. तिला थांबायचं नव्हतं, सासूबाईंसाठी तर मुळीच नव्हतं. पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही आणि पॅनेलवाला हसून लोकांकडे बघायला लागला. तिसऱ्या मिनिटाला मोतिया पॅनेलच्या कडेतून काळे थेंब गळायला लागले, आणि ते पेटलेले होते. मग आग मागच्या फटीत शिरली आणि दूध उतू जावं तशी एकदम वर आली. पत्रा वाकला, सुटला, खाली पडला. माणसं मागे सरकली, कुणीतरी आपल्या सायकलीकडे धावलं. जवानानं घड्याळ बघितलं आणि पाइपचं पाणी सोडलं तेव्हा चौकटीवर वेडेवाकडे दोन तुकडे उरले होते. शेजारचं राखाडी पॅनेल खालून काळवंडलं होतं, बाकी जागच्या जागी होतं.

"वारा होता," पॅनेलवाला म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

त्यानंतर बऱ्याच वेळानं मागचं दार उघडलं आणि खुर्ची आली. चौघांचे शर्ट घामानं चिकटले होते. सासूबाई मात्र पदर सारखा करून, खुर्चीचे हात धरून ताठ बसल्या होत्या.

"हं. आले मी," त्या म्हणाल्या. "आता करा सुरू."

जवान पाइप गुंडाळायला लागला होता.

"काय झालं? ते मोतिया कुठंय?"

लेक बोलेना, तेव्हा सुनेला बोलावं लागलं. नऊ वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "ते जळून गेलं, आई."

"कधी?"

"दहा वाजून सात मिनिटांनी संपलं," जवान म्हणाला.

सासूबाईंनी मुलाकडे मान वळवली. "तेव्हा मी कुठं होते रे?"

मुलगा अजून धापा टाकत होता. "दहाव्यावर. तू पाणी मागितलंस ना, तेव्हा."

सासूबाईंनी जमिनीवर थिजलेल्या काळ्या थेंबांकडे बघितलं. मग चौकटीकडे, मग लेकीकडे. लेकीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. लिफ्ट बंद असलेला दिवस आपणच निवडला, आणि आग संपली तेव्हा आई दहाव्यावरच होती, हे तिला आता उमगलं असावं. हात वर करून मतं घेतली, तेव्हा राखाडीसाठी पहिला हात सासूबाईंचा होता.

"आई, तूच मोतिया म्हणाली होतीस," लेक हळूच म्हणाली.

"तेव्हा मी वर होते," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता त्यांनी पुढचं जोडलं, "तुझ्या बाजूनं बोलले असं समजू नकोस. रंग घाणेरडाच आहे."

सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, ते असं. लोक पांगले. नणंद डोळे पुसत जिन्यानं वर गेली. नवऱ्याला आणि शेजाऱ्यांना कामावर जायचं होतं, आणि लिफ्ट पाचपर्यंत बंद.

"आमच्याकडे चला," सून म्हणाली. "तीनच मजले आहेत. पहारेकऱ्यांना बोलावते."

"उंबरठा ओलांडणार नाही म्हटलं होतं ना मी?"

"बसा मग इथंच."

त्या खरंच तिथंच बसल्या. मग सुनेनंही कचेरीत फोन करून रजा टाकली, वरून जेवणाचं ताट आणलं, चौदाव्यावरून चाकाची खुर्चीही कुणाकडून तरी मागवली आणि स्वतः पायरीवर बसली. "भाजी खारट आहे," सासूबाई म्हणाल्या आणि ताट पुसून ठेवलं. दुपारी ऊन भिंतीवर आलं, तेव्हा त्यांनी बोटानं एकेक करत खिडक्या मोजल्या, खालपासून आपल्या खिडकीपर्यंत. मग पुन्हा दहाव्यावर येऊन थांबल्या.

"पाणी मागितलं नसतं तर?" त्यांनी विचारलं.

सुनेनं मनात हिशोब केला. खोटं बोलायचा विचार तिच्या मनात आला, पण तिला ते जमलं नाही.

"तरी नवव्यावर असता."

पाच वाजता लिफ्ट सुरू झाली, तेव्हा खुर्ची लिफ्टपर्यंत सुनेनं ढकलत नेली, आणि सासूबाईंनी ढकलू दिली.