त्या काळी नव्हतं

"'सरदाराने घोड्याला टाच मारली आणि तो नदीच्या दिशेने—'"

"नव्हता," कोठीवाले म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची नजर हातातल्या मटारच्या शेंगेवर होती. शेंग अंगठ्याने उकलायची, दाणे पातेल्यात टाकायचे, साल डाव्या हाताला ठेवायचं. निदान हे अजून जमत होतं.

"काय नव्हता?"

"घोडा. त्या काळी नव्हता."

"घोडा नव्हता?"

"नव्हता."

सतराव्या शतकातला सरदार, मागे दोन हजारांची फौज, आणि म्हणे घोडा नव्हता. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि घोडा खोडला. मग टाचही खोडली, कारण घोडाच नाही तर टाच मारायची कोणाला. मागच्या आठवड्यात या सरदाराची तलवार गेली होती, त्याच्या आदल्या आठवड्यात शिरस्त्राण. आता बिचारा बोडक्या डोक्याने आणि रिकाम्या हातांनी पायीच नदीकडे निघाला होता, आणि एवढ्यावर राजकन्येला त्याच्या प्रेमात पडायचं होतं.

"पुढे वाचा," कोठीवाले म्हणाले.

गेल्या हिवाळ्यापर्यंत ते 'वाच' म्हणत. 'अगं, वाच पुढे.' नंतर कधीतरी 'अगं' गेलं आणि 'तुम्ही' आलं. घरात आलेल्या परक्या बाईशी सभ्य माणूस जसं बोलेल तसं ते हल्ली बायकोशी बोलत. बाईंना एखादी शिवी परवडली असती.

बाई ऐतिहासिक प्रेमकथा लिहीत. एकतीस छापून झाल्या होत्या, ही बत्तिसावी. समीक्षकांनी कायम नाक मुरडलं. वाचनालयांत मात्र त्यांची पुस्तकं हाताळून हाताळून मऊ पडलेली असत. लिहिण्याची रीत ठरलेली होती. पहाटे उठून पाच पानं लिहायची, निळ्या शाईने, कागदाच्या एकाच बाजूला. साडेआठला न्याहारी आवरली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची. कोठीवाल्यांच्या हातात तेव्हा काहीतरी काम असे, भाजी निवडणं नाहीतर बूट पुसणं. गोष्टीशी त्यांना देणंघेणं नसे. त्यांचं सगळं लक्ष वस्तूंवर.

वस्तुसंग्रहालयाच्या तळघरातल्या कोठीत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती, म्हणून तर सगळे त्यांना कोठीवाले म्हणत. कुठली वस्तू माणसाच्या हाती कधी आली, कशी बनली, कशी मोडली, हे त्यांना तोंडपाठ. राजकन्येने खिडकीच्या काचेला गाल टेकवला की टेबलापलीकडून आवाज येई, "नव्हती." लिफाफा? नव्हता. लोकरी मोजे? नव्हते. बाई तिथल्या तिथे खोडत. वाद नाही, का म्हणून विचारणं नाही. त्यामुळे बाईंच्या प्रेमाला जगाने खुशाल हसून घेतलं, पण त्यांच्या एका कुलपाला कुणी कधी बोट लावू शकलं नाही.

आणि प्रेमाचा प्रसंग आला की कोठीवाले खुर्ची मागे सारत.

"यात वस्तू आहेत का?"

"नाहीत."

"मग मी चहा ठेवतो. ते प्रेमाबिमातलं मला काही कळत नाही."

चहा होईपर्यंत बाई ती पानं मनातल्या मनात वाचून बाजूला ठेवत. एकतीस कादंबऱ्या झाल्या, आणि त्यातली एकही भेट, एकही प्रेमपत्र या माणसाच्या कानावर गेलं नव्हतं.

बाईंना ते बरंच होतं म्हणा, कारण चोरी घरातच होती.

पहिली कादंबरी लिहिताना त्यांना एक जुनी हस्तिदंती फणी बघायची होती. वस्तुसंग्रहालयात अर्ज केला, तेव्हा त्यांना तळघरात पाठवलं. तिथल्या माणसाने टेबलावर मऊ कापड अंथरलं, खण उघडला, ती वीतभर फणी दोन्ही हातांनी उचलली, उलटी करून खालचा नंबर वाचला आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी कापडावर ठेवली. "हात लावू नका, बाई," तो म्हणाला. "नुसतं बघा." मग बाईंच्या हातातले कागद मागून त्याने उभ्या उभ्या पहिलं प्रकरण वाचलं.

"तुमचा नायक सारखी डगल्याची बटणं सोडतोय."

"मग?"

"बटणं नव्हती."

"मग डगला उघडायचा कसा?"

"बंद असायचे. बांधायचे आणि..." इथे तो कानापर्यंत लाल झाला. "सोडायचे."

बाईंनी बटणं काढून बंद घातले. बटणापेक्षा बंद सुटायला वेळ लागतो, आणि प्रेमकथेत वेळ लागण्यालाच महत्त्व. वाचकांनी ते पान डोक्यावर घेतलं. वर्षभरात बाईंनी त्या माणसाशी लग्न केलं. त्यानंतर त्यांचा प्रत्येक नायक, सरदार असो, खलाशी असो की तुरुंगातून पळालेला राजपुत्र, हातात आलेली वस्तू दोन्ही हातांनी उचलत आला आणि उलटी करून बघत आला. वाचक पत्रांतून विचारत, असे पुरुष तुम्हाला भेटतात तरी कुठे? बाई उत्तर देत, कल्पनेत. घरच्या माणसाला खरं सांगायचं मात्र राहून गेलं. आधी लाज वाटली, मग सवय झाली, मग वाटलं की एवढ्या वर्षांत कळलंच असेल, त्यात सांगायचं काय.

एकतिसावी कादंबरी छापून आली आणि महिन्याभरात एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलं. अक्षर सुरेख होतं. 'पान एकशे बारावर आपली नायिका काडेपेटीने दिवा लावते. काडेपेटी यायला तेव्हा दीडएकशे वर्षं अवकाश होता. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. ती ओळ त्यांनी वाचून दाखवली होती. ती सकाळही आठवत होती. कोठीवाले बूट पुसत होते आणि नुसतं "हं" म्हणाले होते.

पत्र त्यांनी शिवणाच्या डब्यात रिळांखाली दडवलं. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दुखण्याला लांबलचक नाव मिळालं आणि त्या नावाचा काही उपयोग झाला नाही. शेगडीची बटणं काढून ठेवावी लागली. तेव्हापासून चहा बाईच करत.

मग हे नवीन सुरू झालं. काडेपेटीपासून सगळ्याला 'हं' म्हणणारे कोठीवाले आता सगळ्याला 'नव्हतं' म्हणू लागले. पलंग नव्हता, आरसा नव्हता, दिवाही नव्हता. बाई खोडत गेल्या. त्यांना काय कळत नव्हतं? पण यातला कुठला 'नव्हतं' खरा आणि कुठला दुखण्याचा, हे ज्या दिवशी आपण निवडायला बसू, त्या दिवशी समोरच्या खुर्चीत कोणी उरलं नाही असं आपणच ठरवल्यासारखं होईल, एवढंच त्यांना कळत होतं. म्हणून घोडाही गेला.

अकरा वाजता प्रकाशनाची संपादिका आली. मुलगी तिशीची, मायाळू, आणि कामात चोख. बाईंनी पाठवलेली चार प्रकरणं तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि आधी चहा संपवला. त्यावरूनच बाईंनी ओळखलं.

"बाई, रागावू नका हं. पण महालात सामानच नाहीये. बसायला काही नाही, झोपायला काही नाही. राजकन्या उभी कशावर आहे तेच कळत नाही."

"जमिनीवर."

टेबलावरच्या सकाळच्या पानांवर संपादिकेची नजर गेली. "आणि सरदार चालत येतोय?"

"त्याला आवडतं चालायला. घोड्यावर बसून माणसं मस्तवाल होतात."

संपादिका हसली, पण विषय सोडला नाही. "आम्ही एक मुलगी नेमलीये. इतिहास शिकलेली आहे, हुशार आहे. सोमवारपासून रोज सकाळी येईल, तुमच्याबरोबर बसेल, वस्तूबिस्तू तपासेल. साडेआठ चालेल ना?"

"साडेआठला इथे माणूस असतो. तपासायला घरात माणूस आहे माझ्या."

संपादिकेने आवाज खाली आणला. "काडेपेटीचं पत्र आमच्याकडेही आलंय, बाई. एकच नाही, सहा आलीत."

कोठीवाले टेबलाच्या टोकाला बसून मटारची सालं एकावर एक रचत होते. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "ती काडेपेटी मी मागाहून घातली. त्यांना न विचारता. त्यांच्याकडे बोट दाखवू नका."

आयुष्यभर बाई छापून खोटं सांगत आल्या होत्या, पण इतकं वाईट खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं. संपादिकेने मान हलवली. तेवढ्यात कोठीवाल्यांनी सालं सोडून वर पाहिलं.

"विचारायला हवं होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "न विचारता घालायचं नाही. तिकडे खाली कोठीत एक माणूस बसतो, त्याला विचारत जा. सांगतो तो. चांगला आहे."

संपादिकेने पिशवीचा बंद दोनदा बांधला आणि दोनदा सोडला. दाराशी गेल्यावर तिने बाईंचा हात हातात घेतला. "सोमवारचं मला फोन करून सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही पाठवणार. पण पुस्तक असं छापता नाही येणार, बाई."

बाई परत टेबलाशी आल्या. सकाळच्या पाच पानांतली दोन वाचायची राहिली होती. ती पहिल्या भेटीची पानं. अशी पानं बाजूला ठेवायची असतात. बाई थांबल्या. कोठीवाल्यांनी खुर्ची मागे सारली नाही, वस्तू आहेत का विचारलं नाही. शेगडी कुठे आहे हेही आता त्यांना आठवत नसावं. ते रिकाम्या कपासमोर हात ठेवून बसले होते, पुढचं ऐकायला.

एकतीस कादंबऱ्यांत जे झालं नव्हतं ते आज होणार होतं. बाईंनी पानं सारखी केली. नव्या लग्नातसुद्धा या माणसासमोर त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"'राजकन्या तळघरात उतरली तेव्हा सरदार तिथे एकटाच होता. त्याने फणी दोन्ही हातांनी उचलली, उलटी करून पाहिली आणि कापडावर ठेवली. हात लावू नका, बाई, तो म्हणाला. नुसतं बघा.'"

सरदार राजकन्येला बाई म्हणत नसतो, हे कुणीही सांगितलं असतं. बाईंनी मुद्दाम तसंच लिहिलं होतं. त्यांनी अंदाज घेतला. कोठीवाले ऐकत होते.

"'राजकन्येने फणीकडे पाहिलंच नाही. तिने त्याचे हात पाहिले. एखादी वस्तू मोडू नये म्हणून इतका जपणारा माणूस तिने पाहिला नव्हता. तेव्हाच तिचं ठरलं. पुढे आयुष्यभर ती त्या हातांकडेच बघत आली, आणि हे तिने त्याला कधी सांगितलं नाही.'"

पान संपलं. बाईंनी ते खाली ठेवलं आणि पेन हातात धरून बसून राहिल्या. फणी नव्हती म्हणाले तर फणी खोडायची. कापड नव्हतं म्हणाले तर कापडही. पण नुसतं एकदा, फक्त एकदा, त्यांनी मान वर करून 'अगं' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

कोठीवाल्यांनी बराच वेळ विचार केला. कपाळावर आठी आली. पूर्वी एखाद्या कुलपाचा काळ ठरवताना यायची तशीच.

"नव्हता," ते म्हणाले.

"काय नव्हता?"

"हा माणूस. असा कोणी नव्हता तिथे." मग बाईंचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय. मी तिथेच होतो ना. मला माहीत आहे."

बाईंच्या पेनाचं टोक त्या ओळीवर टेकलेलं होतं. शाईचा एक ठिपका कागदावर पसरत गेला. एकतीस कादंबऱ्यांत या माणसाने नव्हतं म्हटलेली एकही गोष्ट त्यांनी ठेवली नव्हती. त्यांनी पेन उचललं आणि टोपण लावलं. ओळ त्यांनी खोडली नाही. आपण काय ठरवलं हे त्यांना लख्ख कळलं. सोमवारी ती मुलगी येईल. तिच्यासाठी आतली एक खुर्ची काढावी लागेल. ही समोरची नाही, आतली.

"होता," त्या हळूच म्हणाल्या.

कोठीवाल्यांनी वाद घातला नाही. त्यांचं लक्ष समोरच्या कपाकडे गेलं होतं. शेजारी पडलेलं हात पुसायचं फडकं त्यांनी ओढून घेतलं आणि तळव्याने सारखं करून टेबलावर अंथरलं. मग कप दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला आणि खालच्या बाजूला नंबर शोधला.

"याला नंबर घातलेला नाही," ते नाराजीने म्हणाले आणि तो रिकामा कप अलगद फडक्यावर ठेवला.

बाईंनी हात लावला नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.