एनखालचं टिंब

लेक सोनम मांडीवर झोपली होती, म्हणून दीक्षा ओरडली नाही. नाहीतर राजारामपुरीतल्या त्या डीटीपीच्या दुकानाचा पत्रा उडाला असता.

विजयसिंह सर जिल्ह्यातल्या पाळणागीतांचं पुस्तक काढत होते. सुरांच्या रेघा आणि त्यांखाली शब्द. सूर लिहायच्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नसे, म्हणून शब्द इंग्रजी अक्षरांत. ण पाहिजे तर एनखाली टिंब, ळ पाहिजे तर एलखाली. फाईल छपाईच्या कॉम्प्युटरवर नेली की टिंबवाल्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. दुकानात टायपिंग करणाऱ्या दीक्षानं लेकीला थोपटत थोपटत चाळीस पानांतला एकेक चौकोन काढून अक्षर पुन्हा बसवलं होतं. राहिलं होतं शेवटचं पान. तिच्याच आईचं, मुरगूडच्या तानाबाईचं.

सकाळी ती सोनमला पोलिओचा डोस पाजायला गेली. आली तर ते पान सरांनी स्वतःच उरकलेलं. छपाईची प्लेट करायला बटर पेपरवर प्रिंटसुद्धा काढलेली. सगळीकडं साधे एन, साधे एल. बाळाचा बाल, पाण्याचं पानी.

"सर, टिंबं कुठायत?"

"असू दे की. प्लेटवाला थांबलाय." सर हसले. "आणि खरं सांगू का, तुमच्यात तसंच म्हणतात. उलट अस्सल वाटतंय."

तुमच्यात.

दीक्षाची कानशिलं तापली. आई शाळेत होती तेव्हा गुरुजी तिला अख्ख्या वर्गापुढं उभी करून 'पानी' म्हणायला लावायचे, आणि वर्ग हसायचा. त्या पोरीनं चुलीपुढं बसून ण घोकला होता. पुढं दीक्षानं एकदा 'पानी' मागितलं, तर तव्यावरची भाकरी तशीच सोडून आईनं तिचा गाल धरला. "परत म्हण." दहा वेळा म्हटल्यावर तांब्या हातात मिळाला.

"टेप तुम्हीच केलीया," दीक्षा म्हणाली. रागाच्या भरात तिची गावची बोली वर आली. "माझ्या आईचा ण ऐकला न्हाय व्हय? आणि तुमच्या अंबूबाई आत्या टेपवर सरळ 'पानी' म्हणत्यात. तिथं टिंब घालायला कुणी लावलं मला?"

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं, बरं. पुढच्या आवृत्तीत बघू."

तिनं त्यांच्या हातातून बटर पेपर ओढून घेतला आणि शाईचं बारीक पेन उघडलं. एवढ्यात सोनम कुरकुरली. डाव्या हातानं तिला थोपटत दीक्षा तेच गाणं म्हणू लागली, जरुरीपेक्षा मोठ्यानं. 'पाळण्यात बाळ माझं, पाण्याला गेली आई.' ण आला की टिंब. ळ आला की टिंब. सोनम पुन्हा झोपली तरी ती थांबली नाही. तेवीस टिंबं झाली.

"द्या आता," सरांनी हात पुढं केला.

"वाचा आधी."

"अगं, प्लेटवाला..."

"थांबू दे त्याला. वाचा."

सरांनी चष्मा सारखा केला. "पाळण्यात बाळ... पाण्याला..."

"परत म्हणा," दीक्षा म्हणाली.