कळशीतलं पाणी

“आधी बस. टाकीकडं मग बघ,” आक्का म्हणाली.

अमरसिंह भिंतीचा आधार घेत खुर्चीत बसला. छातीचं मोठं ऑपरेशन झालेलं, शिवण अजून ओली होती. दवाखान्यातून त्याला सम्राटने आपल्या गाडीतून आणलं होतं. सम्राटचं शाहूपुरीत शोभेच्या माशांचं दुकान होतं. तो खाली गाडी लावून औषधांची पिशवी घेऊन येणार होता.

बस म्हटलं तरी अमरसिंहाची नजर समोर गेलीच. लोखंडी स्टँडवर खाऱ्या पाण्याची टाकी होती. दिवा लागलेला होता, मोटर चालू होती, दोन नारिंगी मासे नेहमीसारखे फिरत होते. पण खडकावर उघडलेले पिसारे नव्हते. नुसत्या मातकट नळ्या उभ्या होत्या. एका नळीच्या तोंडातून काहीतरी मऊ, पांढुरकं बाहेर लोंबत होतं.

“फुलं गळली रं,” आक्का म्हणाली. “आधी एक गळलं, मग दुसरं. दवाखान्यातनं घरी आल्यापासनं मी एक दिवस चुकले न्हाई. तू दावलेल्या रेघंपतोर रोज पाणी घातलं.”

ती फुलं नव्हेत हे तिला ठाऊक होतं. समुद्रातला किडा तो. स्वतःभोवती चामड्यासारखी नळी विणतो, जन्मभर तिच्यातच राहतो आणि डोक्यावरचा पिसारा पाण्यात पसरून बसतो. त्या पिसाऱ्यानेच तो श्वास घेतो, त्यानेच पाण्यातलं बारीक अन्न वेचून खातो. अमरसिंहाने हे सगळं तिला समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, असू दे, मी फुलंच म्हणणार.

त्याने टाकीच्या बाजूला पाहिलं. गाळलेल्या पाण्याचा पांढरा कॅन तिथेच होता, झाकणापर्यंत भरलेला. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून तेवढं गोडं पाणी वरून घालावं लागे. जाण्याआधी त्याने तिला काचेवरची रेघ दाखवली होती, कॅनही दाखवला होता.

“कॅन भरलेलाच हाय की,” तो म्हणाला.

“त्या प्लास्टिकातलं शिळं पाणी कोण घालणार? मी माज्या कळशीतलं घातलं. रातभर ठिवलेलं. तू बी त्याच्यावरच वाढलास न्हवं?”



कळशी तांब्याची होती. आक्का तिला रोज चिंचेने घासायची आणि संध्याकाळी भरून ठेवायची. घरातल्या सगळ्यांनी सकाळी आधी ते पाणी प्यायचं, मग चहा. मासे एकवेळ तांबं सोसतात, नळीतल्या या जिवांना मात्र ते थोडंसुद्धा चालत नाही. औषधाच्या बाटलीत तांबं असेल तर ती टाकीच्या जवळ आणायची नाही, हे सम्राटने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अमरसिंहाला ते पाठ होतं. फक्त कळशीचं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

“मी चा टाकते,” म्हणून ती आत गेली.

आक्का त्याची थोरली बहीण, कागदोपत्री नाव चिमणाबाई. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती गडमुडशिंगीला माहेरी परत आली. पुढे आई वारली तेव्हा अमरसिंह शाळेत होता. तेव्हापासून त्याचं जेवण, त्याचे कपडे, त्याचं आजारपण, सगळं तिच्याकडे. कागलकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली, त्याने कोल्हापुरात घर केलं, मीनाक्षी लग्न होऊन आली. मूल झालं नाही. चार वर्षांपूर्वी मीनाक्षीही गेली. आक्का मात्र त्याच्याबरोबरच राहिली.

नोकरीभर अमरसिंहाने काचेची नळी तरंगवून उसाच्या रसाची घनता मोजली. निवृत्त झाल्यावर हातांना काम उरलं नाही. एकदा सहज सम्राटच्या दुकानात गेला, तर सम्राट खाऱ्या पाण्यात तशीच काचेची नळी तरंगवून आकडा वाचत होता. अमरसिंह तिथे बराच वेळ उभा राहिला. त्या वर्षी घरात टाकी आली.

सम्राट वर आला. पिशवी ठेवली आणि टाकीपाशी जाऊन थांबला.

“ह्ये काय झालं, काका?”

उत्तराची वाट न बघता त्याने स्टँडखालच्या खणातून तपासणीच्या बाटल्या काढल्या. लहान काचनळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग बदलला. सम्राटचा आवाज मुळातच मोठा.

“तांबं आलंय पाण्यात. कुठनं आलं?”

अमरसिंहाने हाताने त्याला गप्प राहायची खूण केली. आत भांडं वाजायचं थांबलं होतं.

“मोटरीची वायर उघडी पडली असंल,” अमरसिंह मुद्दाम मोठ्याने म्हणाला. “मीच जायच्या आधी बघायला पायजे होतं.”

सम्राटने वायर हातात घेऊन पाहिली. ती धड होती. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“असंल,” तो म्हणाला. “व्हतंय तसं.”

आक्काने चहा आणून ठेवला. कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अमरसिंहापुढे स्टीलचा पेला ठेवला.

“ह्ये कुठलं पाणी?”

“फिल्टरचं.”

“माझं रोजचं कुठाय?”

“ह्येच पी आता.”

तो उठला. कट्ट्याला धरत स्वयंपाकघरात गेला. कळशी पालथी घालून कोपऱ्यात ढकललेली होती. वाकायला आणि वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्याने पायानेच ती पुढे ओढली, गुडघ्यांनी रेटून सरळ केली आणि नळाखाली तांब्या धरून एकेक तांब्या तिच्यात ओतायला लागला.

“अरं, टाका तुटंल तुजा,” आक्का मागे येऊन म्हणाली.

“तुटू दे. मला ह्यातलंच पायजे.”

“माज्यामुळं मेली ती फुलं.”

“मीच सांगितलं न्हाई तुला. तू काय इख घातलंस व्हय?”

ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. 

“तुला आत न्हेलं आणि मला भाइर बशिवलं. दोन दिस काचंतनंसुदा बघू दिलं न्हाई. मग घरी आले. घरात काय करायचं मी? म्हटलं, त्याच्या हातनं लावलेलं एवढं हाय, त्येला तरी चांगलं पाणी घालू. रोज घालताना तुजंच नाव घ्यायची.”

अमरसिंहाने हातातला तांब्या खाली ठेवला. आजारपणात तो रडला नव्हता, ऑपरेशनच्या टेबलावर चढताना नाही, शुद्धीवर येताना नाही. आता हुंदका आला आणि शिवण दुखली. दवाखान्यात उशी धरायला शिकवलं होतं, तसा त्याने छातीवर हात दाबून धरला. आक्काने उठून त्याला आधार दिला. दोघं तिथेच फरशीवर बसून राहिली.

नंतर काम सुरू झालं. सम्राट एक दिवसाआड यायचा, नवीन मीठ कालवलेलं पाणी आणायचा आणि टाकीतलं थोडं जुनं काढून टाकायचा. तांबं धरून ठेवणारी कोळशाची पिशवी मोटरीपाशी बांधली. बादली आक्काला उचलवत नसे. ती पातेल्याने पाणी न्यायची, सांडलेलं पुसायची. लोंबणारा किडा आणि नंतर आणखी एक, असे दोन मेले. त्यांच्या नळ्या सम्राटने उपटल्या. उरलेल्या तीनही काढू या, असं तो म्हणाला.

“ऱ्हाऊ देत,” आक्का म्हणाली. “आत कोण हाय का ते आपल्याला काय दिसतंय?”

पुढे एक नळी मऊ पडून कोसळली. दोन राहिल्या.

पाडवा होऊन गेला. अमरसिंह गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागला, मग मुख्य रस्त्यापर्यंत. टाकीबद्दल घरात फारसं बोलणं होत नसे. दुपारची कामं उरकली की आक्का टाकीसमोर पाट घेऊन बसायची, कधी तांदूळ निवडत, कधी नुसतीच.

एका संध्याकाळी तो फिरून आला. दार उघडंच होतं, बाहेरचं ऊन तिरपं आत पडलं होतं. त्याने आत पाऊल टाकलं तोच आक्काने मान न वळवता हात वर केला.

“तितंच थांब. तुजी सावली पडली की ते आत जातंय.”

तो थांबला. एका नळीच्या तोंडातून करंगळीच्या नखाएवढा पिसारा बाहेर आला होता. रंग नव्हता, एका बाजूला वाकडा होता. पाण्याबरोबर तो जरासा हलत होता. दुसरी नळी तशीच बंद होती.

“कधीपासनं हाय?”

“चार-पाच दिस झालं. पुन्हा गळंल म्हणून सांगितलं न्हाई तुला.”

 उन्हाच्या पट्ट्याबाहेर सरकून अमरसिंह चौकटीला टेकला आणि चपला हातात धरून, ऊन उतरेपर्यंत दारातच उभा राहिला.